बर्फातल्या कांड्या

वडा संपायच्या आधीच बाईंचं लक्ष कागदावर गेलेलं असायचं. शेवटचा घास तोंडात, मिरचीचं देठ बोटात, आणि तेलाने डागाळलेला वर्तमानपत्राचा तुकडा दोन्ही हातांनी खिडकीकडे धरलेला.

"बघा, बटणवाले. तेल लागलंय तिथून पलीकडचं झाड दिसतं. कोरडं आहे तिथून नाही. का?"

"तेल चांगलं असेल," मी म्हणायचो.

"डोंबल. कागदाच्या धाग्यांमधली हवा गेली आणि तिथे तेल बसलं. धागा आणि तेल, दोघं उजेडाला जवळपास सारखंच वाकवतात. मग उजेडाला कळतच नाही वाटेत धागा आहे ते. धागा दिसला की समजायचं, जुळलेलं नाही. दिसतंय म्हणजे चुकलंय."

एवढं बोलून होईपर्यंत त्या खिडकीपासून दारापर्यंत जाऊन परत आलेल्या असायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याशी बोलायचं तर मान टेनिस बघणाऱ्यासारखी फिरवावी लागते. बाईंच्या खोलीतली फरशी त्यांच्या चालण्याने एका बाजूला इतकी झिजली होती, की टेबलावरून पेन पडलं तर ते आपोआप दाराबाहेर जायचं आणि आम्ही ते कॅन्टीनमधून परत आणायचो. खुर्ची होती. ती मालकांनी पहिल्या दिवशी दिली तेव्हा जशी होती तशीच शेवटपर्यंत राहिली, बैठकीवरच्या प्लास्टिकच्या आवरणासकट.

बटणवाले म्हणजे मी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ॲक्रिलिकचे पत्रे, ट्यूबलाइटची झाकणं आणि शर्टाची बटणं करणारा आमचा कारखाना. तिथे मी विक्री बघायचो, म्हणजे खरं किती बोलायचं ते ठरवायचो. आमची बटणं विलायतेला जातात असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ती भिवंडीपर्यंत जायची. पण तिथून एखादं कुणाच्या शर्टावर बसून विलायतेला गेलं नसेलच, असं कुणी सिद्ध करून दाखवावं.

अशा कारखान्यात नव्वदीच्या सुरुवातीला या बाई काय करत होत्या, तर उजेड वाढवायचा उद्योग. तेव्हा घरात टेलिफोन यायला माणसाचे केस पिकायचे, आणि बाई सांगत सुटायच्या की पुढे आवाज तांब्याच्या तारेतून जाणारच नाही, काचेच्या धाग्यातून उजेडावर बसून जाईल. फक्त लांबच्या प्रवासात उजेडालाही धाप लागते. वाटेत त्याला कुणीतरी पुन्हा ताजा करायला हवा. तो कुणीतरी म्हणजे बाईंची कांडी. पेन्सिलीएवढी, प्लास्टिकची, आणि तिच्या पोटात एका खास स्फटिकाचे कण. मॅग्नेशियम आणि वाळूच्या घराण्यातला स्फटिक, त्यात क्रोमियमची चिमूट. त्या कणांना जबरदस्त दिव्याने आधी उजेड पाजून ठेवायचा. मग टेलिफोनचा थकलेला उजेड कांडीत शिरला की ते आपल्याजवळचा उजेड त्याच्या पदरात टाकणार. आत जाताना मुलगा, बाहेर येताना बाप्या. 'नॅनोक्रिस्टल' हा शब्द तेव्हा सबंध डोंबिवलीत फक्त बाईंच्या तोंडात होता. आमचा फोरमन त्याला खोकल्याचं औषध समजायचा.

मालकांनी खोली दिली ती एका एकादशीमुळे. "मॅडम, मला कळेल असं सांगा," ते म्हणाले होते. समोर बशीत खिचडी. बाईंनी चमच्यावर एक साबुदाणा घेतला आणि मालकांच्या नाकापाशी नेला. "साहेब, हा कच्चा असताना कसा होता? पांढरा. आता आरपार. दाणा पळून गेला का? तिथेच आहे. माझे स्फटिक प्लास्टिकमध्ये असेच हरवले पाहिजेत. नाहीतर उजेड त्यांना ठेचकाळत राहतो, आणि धुक्यात शिरलेल्या माणसासारखा भलतीकडून बाहेर येतो."

मालकांनी तो साबुदाणा खाल्ला आणि मागच्या बाजूची खोली दिली. माणूस दिलदार. फक्त त्यांच्या जावयांना त्या खोलीत उजेड दिसत नव्हता, बटणं निवडायला बसलेल्या बायकांची रांग दिसत होती.

बाई राहायच्या ठाण्याला, कोपरीत. घराणं खाडीवरच्या कोळ्यांचं. वडील नव्हते. आई बाजारात मासे विकायची, आणि तिने पापलेट विकून मुलीला एम.एस्सी. केलं होतं. स्फटिक भाजायला भट्टी लागते. आमची भट्टी ॲक्रिलिक मऊ करण्यापुरती, तिला तेवढा ताव कुठला? कोपरीतच चिनी मातीचे दात करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. बाईंनी त्यांना गाठलं. दातांच्या रांगेत एका कोपऱ्यात बाईंची पांढरी वाटी जाऊ लागली. भाजून निघाली की पूड निळसर व्हायची. एकदा वाटी कलंडली म्हणे, आणि ठाण्यातल्या एका वकिलाच्या पुढच्या दातावर आकाशी झाक आली. कोर्टात तो हसला की समोरच्या पक्षाला वाटायचं, याच्याकडे काहीतरी पुरावा आहे. मी वकिलाला पाहिलेलं नाही. पण गोष्ट दातवाल्या म्हाताऱ्याने सांगितली, आणि त्याला स्वतःला एकही दात नव्हता. तो कशाला खोटं बोलेल.

मग ती पूड रंगाच्या कारखान्यातल्या गोल फिरणाऱ्या डब्यात दिवसचे दिवस दळून घ्यायची. मग दोन पातळ रसायनं. एकाचं प्लास्टिक उजेडाला जास्त वाकवणारं, दुसऱ्याचं कमी. दोघांचं मिश्रण असं साधायचं की त्याचं वाकवणं स्फटिकाच्या वाकवण्याशी नेमकं जुळावं. त्यात पूड घालायची, नळीत ओतायची, गरम करून घट्ट करायची. नळी फोडली की कांडी.

पहिली कांडी ताकासारखी निघाली. दुसरी दुसऱ्या ताकासारखी. बाई प्रत्येक कांडी वर्तमानपत्रावर ठेवायच्या आणि खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न करायच्या. "दिसतंय," असं म्हणून ती कांडी टोपलीत, आणि पुन्हा येरझारा. त्या टोपलीतल्या कांड्या आमच्या पोरी केसांच्या अंबाड्यात खोचायच्या. वसाहतीत वर्षभर त्याची फॅशन होती.

एकदा आई डबा घेऊन कारखान्यात आली. दाराशी टोपली टेकवून ती लेकीचं चालणं बघत राहिली. मग मला म्हणाली, "हिला लहानपणी होडीत बसवली तर होडी हलायची. समुद्र गप, आनि होडी हलते." आणि लेकीला, "बस गो जरा. खाऊन घे."

"बसते गं आई," बाई म्हणाल्या, आणि बोंबलाची चटणी लावलेली भाकरी चालता चालता संपवली.

जावयांनी शेवटी मालकांकडून शब्द घेतला. मे संपेपर्यंत काही झालं नाही, तर खोली बटणांना. मालकांनी आपल्या परीने तोड काढली. त्यांच्या ओळखीतून बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतली माणसं येऊन कांडी बघणार असं ठरलं. त्यांच्याकडे तो जबरदस्त दिवा होता, लेसर. त्यांना कांडी पटली, तर बाईंना तिकडे बोलावून तिच्यातून टेलिफोनचा उजेड पाठवून बघणार. नाही पटली, तर नाही. बाईंच्या चालण्याचा वेग तेव्हापासून असा वाढला, की त्यांच्या खोलीत पंखा लावायची गरज उरली नाही.

आणि मेच्या मध्यात कांडी जमली. भट्टीशेजारच्या टेबलावर बाईंनी ती वर्तमानपत्रावर ठेवली आणि आम्ही सगळे वाकलो. कांडी कुठे आहे ते फक्त दोन कडांवरून कळत होतं. मधून 'पाणीपुरवठा बंद' हा मथळा लख्ख वाचता येत होता. फोरमनने हात लावून खात्री केली. बाई एका जागी उभ्या राहिल्या. मी त्यांना उभं राहिलेलं तोवर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, चक्कर येतेय.

पाहुणे शनिवारी यायचे होते. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. विजेच्या सोयीसाठी सगळ्या वसाहतीचीच शुक्रवारी असायची. बाई शुक्रवारी कोपरीला घरी, मी घरी. घरी नव्हते ते मालक.

पाहुणा म्हटलं की मालकांच्या अंगात यायचं. बंगळूरची हवा गार, ही माणसं डोंबिवलीच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, उकडून मरतील, या काळजीने त्यांना झोप लागेना. त्यांनी शेजारच्या कंपनीच्या साहेबांच्या केबिनमधला एसी मागून आणला, गवंडी बोलावून आमच्या केबिनची भिंत फोडून तो बसवला, आणि शुक्रवारपासून चालू ठेवला. गारवा निसटू नये म्हणून दाराला कुलूप. आत टेबलावर निळा मखमली कपडा, त्यावर ती कांडी, वर झेंडूची दोन फुलं आणि स्टीलची झाकणी. शनिवारी सकाळी बाई कांडी मागायला आल्या, तर म्हणाले, "मॅडम, अजिबात काळजी करू नका. तिला अगदी राणीसारखी ठेवलीय. पाहुण्यांसमोरच उघडू."

पाहुणे तिघे होते. थोरले पाहुणे उंच, कपाळाला भस्माची बारीक रेघ. केबिनमध्ये शिरताच तिघांनी बाह्या खाली केल्या. जावई दाराशी. मालकांनी नाटकातला पडदा उचलावा तशी झाकणी उचलली.

मखमलीवर ताक होतं.

म्हणजे कांडीच, पण पांढरी, गढूळ, खालचा निळा रंग दिसू न देणारी. थोरल्या पाहुण्यांनी खिशातला छोटा टॉर्च तिच्यातून टाकून पाहिला. पलीकडे भिंतीवर नुसता धुरकट गोळा. "नाइस एफर्ट, मॅडम," ते म्हणाले, म्हणजे परतीच्या गाडीची वेळ बघायला हरकत नाही. जावयांनी मला हळूच विचारलं, "त्या खोलीत टेबलं किती मावतील?"

बाई मग पुढे झाल्या आणि कांडी उचलली. उचलताच हात झटकला.

"थंड आहे ही," त्या म्हणाल्या. एसीकडे बघितलं. भिंतीच्या ताज्या सिमेंटकडे बघितलं. मग मालकांकडे, आणि ती नजर मी विसरलेलो नाही, कारण मालक आपोआप खुर्चीच्या मागे गेले.

"साहेब, हिला मी भट्टीजवळच्या उकाड्यात जुळवलीय. गरम झालं की प्लास्टिक सैलावतं, उजेडाला कमी वाकवतं. गार झालं की जास्त. स्फटिक ढिम्म, तो बदलत नाही. तुम्ही गारठवलंत, आणि दोघांचं फाटलं." मग पाहुण्यांकडे वळून, "कम, सर. आउटसाइड. प्लीज."

तिघा पाहुण्यांना त्यांनी आवारातल्या उन्हात आणून उभं केलं. मे महिन्याचं दुपारकडे झुकलेलं ऊन, पायाखाली सिमेंट असं की पापड भाजावा. बाईंनी कांडी मुठीत धरली, तळवे चोळले, पुन्हा धरली, आणि सवयीने चालू लागल्या. पाहुणे त्यांच्या मागे, मालक पाहुण्यांच्या मागे छत्री घेऊन, आणि त्यांच्या मागे सगळा कारखाना. कुठली मिरवणूक निघाली म्हणून शेजारच्या कंपनीतली माणसंही कुंपणाला लागली.

मग बाईंनी मूठ उघडून कांडी सूर्यासमोर धरली. तिच्यातून आलेला उजेड तांबडा होता. हळूहळू तो नारिंगी झाला, पिवळसर झाला, आणि मग कांडी जणू हातातून निसटून गेली. बाईंच्या बोटांमध्ये दोन कडा तेवढ्या राहिल्या. टॉर्चचा झोत पलीकडे जसा हवा तसा, सरळ, गोल.

थोरल्या पाहुण्यांनी टाळी वाजवली. ती कारखान्याने उचलली. "ब्रिंग देम नेक्स्ट मंथ," ते म्हणाले. मालकांनी त्यांना एवढे पेढे भरवले की ते बंगळूरपर्यंत बोलले नसतील. खोली वाचली होती. जावई मोजमापाची टेप गुंडाळून घरी गेले.

बाई मात्र हसल्या नाहीत. आवारात त्या पुढे-मागे करत होत्या, आणि तोंडाने एकच शब्द. "तांबडा. आधी तांबडा का?"

दोन दिवसांनी त्या मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी तिथेच होतो, ऑर्डरी वाढवून सांगत.

"साहेब, चुकलंय."

"आता काय, मॅडम? एसी परत केला मी."

"एसी बरोबर होता. मी चुकले. कांडी गार होती तेव्हा काहीच जुळत नव्हतं. तापू लागली तसा आधी तांबडा उजेड जुळला, मग पिवळा, मग बाकीचे. म्हणजे तांबड्याला गारवा हवा. आणि टेलिफोनचा उजेड तांबड्याच्याही पलीकडचा. तो आपल्या डोळ्याला दिसतच नाही. त्याला आणखी गारवा हवा. मी इतके दिवस डोळ्याने जुळवत बसले, आणि कामाचा उजेड डोळ्याचा नाहीच. ती गार असताना, पांढरी दिसत असताना, आपल्या कामाला जास्त जवळ होती."

मालकांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. "पाहुणे खूश होऊन गेलेत ना? मग झालं तर. मॅडम, तुम्ही तिथे जा, त्यांना आवडली तशी दाखवा, पुढचं पुढे बघू. आता जर त्यांना सांगितलंत की तुम्ही जिला टाळ्या वाजवल्यात ती कांडी बरोबर नव्हती, तर ते तुम्हाला बोलावतील का? आणि त्यांनी नाही म्हटलं तर जावयांना मी काय सांगू?"

"त्यांच्या लेसरसमोर उघडं पडणारच आहे, साहेब."

"तिथे पडू दे ना. इथे कशाला?"

बाई निघाल्या. मी मागे गेलो, कारण वसाहतीच्या नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याकडे आमच्या कारखान्याचं खातं माझ्या नावावर होतं. काचेच्या त्या डब्यात चालायला जागा नाही. बाईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि तार पुरेल तितकं दार ढकलत आत-बाहेर, आत-बाहेर. बाहेर रांगेतला एक जण म्हणाला, "बाई, बोलताय का कवायत करताय?"

त्यांनी थोरल्या पाहुण्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, आडपडदा न ठेवता. मध्येच त्या रिसीव्हर हलवून बघू लागल्या. मला वाटलं, लाइन गेली. मग बाई म्हणाल्या, "येस, सर. मिल्की. येस, आय नो." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, क्लिअर रॉड घेऊन कुणीही येईल. पांढरा घेऊन येते म्हणून सांगणारी बाई त्यांना बघायची आहे."

हे मालकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी थोडं वाढवून सांगितलं. त्यात दिल्लीचाही उल्लेख आला.

कल्याण स्टेशनवर बाईंना पोहोचवायला आम्ही दोघंच होतो, मी आणि आई. आईने हातात थर्माकोलचा पापलेटचा खोका आणलेला. आत बर्फ, लाकडाचा भुसा, आणि मेणकागदात गुंडाळलेल्या कांड्या अशा ओळीने मांडलेल्या, की एखाद्या गिऱ्हाइकाने वाटा लावायला सांगितला असता.

"आई, प्रवासात गार नसल्या तरी चालतात. तिथे पोचल्यावर गार करायच्या," बाई म्हणाल्या.

"तिथला बरफ कसा असेल कोन जाने. ह्यो माज्या हातचा हाय. पुन्याला एकदा बदलून घे," आई म्हणाली, आणि खोक्याचं झाकण दाबलं.

एम.एस्सी. झालेल्या बाईंनी पुण्याचं कबूल केलं आणि खोका उचलला. गाडी सुटेपर्यंत त्या डब्याच्या एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर येत होत्या. त्या बाहेर असताना गाडी हलली. आम्हीच ओरडून त्यांना चढवलं.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात फोन आला. आई मुद्दाम येऊन बसली होती. रिसीव्हर तिने उलटा धरला, मी सरळ केला. पलीकडून बाईंचा आवाज इतका मोठा, की मालकांच्या केबिनपर्यंत गेला. "आई, उजेड वाढला गं. मीटरचा काटा हलला."

"किती?"

"थोडा. अगदी थोडा. पण आत गेला त्याहून जास्त बाहेर आला."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि पदराने टोपलीची कड पुसत बसली. मालकांनी त्या दिवशी सगळ्या वसाहतीत सांगितलं की त्यांनी एसी बसवला म्हणून शोध लागला. तेही काही खोटं नव्हतं.

बाई परत आल्या नाहीत. बंगळूरवाल्यांनी त्यांना ठेवून घेतलं. खोलीत शेवटी बटणंच आली. पण खोलीतली ती खुर्ची मालकांनी कुणाला बसायला दिली नाही.

काही वर्षांनी कळलं की बाई सुट्टीवर कोपरीला आल्यात. शुक्रवारी मी गेलो. दारात आई. केस पांढरे, हात अजून तसेच भक्कम. ओट्यावर चहाचा कप, वर बशी झाकलेली.

"आता व्हती," आई म्हणाली. "वळनावर दिसली नाय तुला? खाडीवर जाते म्हनली. नायतर त्या दातवाल्याकडं."

मी बसलो. आईने मला चहा दिला. कामाचं काय चाललंय विचारलं, तर ती म्हणाली, "त्या कांड्यांचा उजेड वाढायचा, पन टेलिफोनवाल्यांनी दुसऱ्याच कुनाची काच घेतली. तिच्यात लय जास्त वाढतो म्हनं. तिला इचारलं, मग तू काय करतेस? तर म्हनली, आई, आमचा काटा हलला ते खोटं नाय झालं. आता दुसरं कायतरी धरलंय. मला सांगितलं तिनं, मला कळलं नाय. तुला कळलं असतं."

मला कळलं नसतं, पण मी मान हलवली.

खाडीकडून माणसं येत राहिली. दर वेळी आई दाराकडे बघायची. उन्हं घरात शिरली, मागे सरली. बाई आल्या नाहीत. आईने ओट्यावरच्या कपाला बोट लावून पाहिलं, तो भांड्यात ओतला, थोडं दूध वाढवलं आणि स्टोव्ह पेटवला.

"तिला गरम लागतो," ती म्हणाली.

मी चपला घातल्या तेव्हा ती चहा पुन्हा कपात गाळत होती, आणि वर बशी ठेवत होती.